निवळायला ठेवलेलं पाणी

ढेकूळ पाण्यात सोडून दहा मिनिटं झाली होती. मी टेबलाला नाक लावून काचेच्या पेल्याकडे बघत होते आणि सबनीस साहेब माझ्याकडे.

"शैलजाबाई, त्याच्यावर मोहिनी घालताय का?" ते म्हणाले.

"पाणी गढूळ होतंय का बघतेय, सर."

"होतंय?"

"नाही. ढेकूळ बुडाशी जरा सुटलंय. पाणी नितळ आहे."

"सुटू दे. मोडलं तरी चालतं, गढुळायला नको. तिन्ही पेले सारखेच?"

"तिन्ही."

"मग लिहा आणि सही करा. परवा चार वाजता मी विभागाच्या कचेरीत जातोय, बरोबर नेतो."

मी लिहिलं, सही केली, तारीख घातली. मार्च १९८६. नोकरीतला माझा पहिला अहवाल. कागद साहेबांच्या हातात देताना मला इतका आनंद झाला होता की तो लपवण्यासाठी मी पेन पुसत बसले.

पिंगळखोरी हे माण भागातलं एक कोरडं खोरं. तिथं मातीचं छोटं धरण होणार होतं. मी तेवीस वर्षांची, मातीची गुणवत्ता तपासायला आलेली कनिष्ठ अभियंता. कामावर मजूर बाया पुष्कळ, पण कागदावर सही करणारी बाई मी एकटीच. सबनीस साहेब उपअभियंता, माझे वरिष्ठ. भिंतीच्या पोटात पाणी न झिरपू देणारा चिकणमातीचा गाभा घालायचा होता आणि त्यासाठी ओढ्याकाठची एक खाण निवडली होती. माती काळी, चिकट, हातात घेतली की लोण्यासारखी. पण दिसायला चांगल्या असलेल्या काही मातीत एक खोड असते. पाणी लागलं की तिचे कण एकमेकांचा हात सोडतात आणि पाण्याबरोबर चालू लागतात. भिंतीत आधी उंदराच्या बिळाएवढं भोक पडतं, मग ते रुंदावतं आणि भिंत जाते. भिंतीच्या खाली अर्ध्या मैलावर साठ घरांची खालची वाडी होती. माझ्या तंबूच्या दारातून तिथली शाळा दिसायची.

म्हणून ती पेल्याची परीक्षा. शुद्ध पाण्यात ढेकूळ टाकायचं आणि बघत बसायचं. माती परीक्षेत पास झाली होती. सोमवारी गाभा भरायला सुरुवात होणार होती.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, खाणीवर मोजमापं घेऊन परतत होते तर हाक आली.

"ओ बाईसायब, च्या घ्याया या की."

यल्लव्वा. खाणीवरच्या वडारांच्या टोळीची म्होरकी. पन्नाशीची, काटक बाई. चाळीस माणसं आणि बावीस गाढवं तिच्या शब्दावर चालायची. चार दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. नुसती बघायची. त्यामुळे हाक ऐकून मी थबकलेच. तशी मी चहाला कधीच नाही म्हणत नाही.

तिच्या पालाच्या दारात जर्मनची दोन पातेली झाकण न घालता ठेवली होती. एकात फिक्कट, दूध घातल्यासारखं पाणी. दुसऱ्यातलं इतकं स्वच्छ की पातेल्याचा तळ दिसत होता.

"हे चांगलं पाणी कुठून आणता?" मी विचारलं. सरकारी विहिरीच्या पाण्यानं माझे केस काथ्यासारखे झाले होते.

"दोनी खाणीतलंच की. गारा पडल्या न्हाई का आठ दिसामागं? खड्ड्यात साचलंय त्ये."

"मग हे असं आणि ते तसं कसं?"

ती चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "इहिरीच्या पान्यात डाळ शिजत न्हाई. दिसभर उकळा, दाना तसाच. गारांचं पानी ग्वाड, डाळ बिगीनं शिजती. पर त्ये निवळंना. आठ दिस ठिवलं तरी तसंच पांडरं."

"तुरटी फिरवली असेल."

"तुरटी कुटली आलीय. इहिरीचं दोन तांबे वतायचं त्यात. दुपारपातुर गाळ खाली बसतोय."

मी हसले. "जड पाणी घातल्यावर पाणी निवळतं?"

"मी सांगत न्हाई. तुमी बगताय."

मी चहा प्यायले, बरा होता. पण परत जाताना पाय तंबूकडे आणि डोकं त्या पातेल्यांत अशी माझी अवस्था झाली. मला लहानपणापासून ही सवय आहे. एखादी गोष्ट कळली नाही की जेवण जात नाही. आई याला माझी खाज म्हणायची. शेवटी मी अर्ध्या वाटेवरून परत फिरले आणि यल्लव्वाकडून ते पांढरं पाणी बाटलीभर मागून आणलं.

तंबूत येऊन ते दोन पेल्यांत ओतलं. एकात विहिरीचं पाणी घातलं, दुसरा तसाच ठेवला. तासाभरात पहिल्या पेल्यात ढगांसारखे पुंजके दिसू लागले आणि खाली उतरू लागले. दुसरा तसाच पांढरा. बाई खरं बोलत होती.

विहिरीच्या पाण्यात चुना होता, म्हणून तर डाळ शिजत नव्हती आणि साबण फेसाळत नव्हता. तो चुना मातीच्या कणांना एकत्र आणत होता. गारांच्या पाण्यात चुना नाही, तिथे कण सुटे राहत होते, आठ आठ दिवस. म्हणजे या खाणीच्या मातीला ती खोड होती.

पण मग माझी ढेकळं का गढुळली नाहीत? ती तर ऊर्ध्वपातित पाण्यात होती, वाफेचं पाणी करून बनवलेल्या, गारांपेक्षाही शुद्ध पाण्यात. तिथं तर माती अधिक सुटायला हवी. आणि धरणात काय भरणार होतं? पावसाचं पाणी. विहिरीचं नाही.

मी कोपऱ्यातल्या कॅनकडे बघितलं. प्रयोगशाळेतून माझ्याबरोबर आलेला, वीस लिटरचा, त्यावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी. मी मगभर पाणी घेतलं आणि त्यात अंगाचा साबण चोळला.

फेस आला नाही. साबणाची चिकट साय हाताला लागली.

 तो मग हातात घेऊनच मी बाहेर गेले.

भानुदास गुरव जीप पुसत होता. अकरा वर्षं खात्यात रोजंदारीवर ड्रायव्हर. त्याला कायम करण्याची फाइल त्या महिन्यात विभागात होती. रोज सकाळी देवाला सांगावं तसं तो मला त्याबद्दल सांगायचा.

"भानुदास, या कॅनमधलं पाणी कुणी बदललं?"

त्याचा हात थांबला. "का वो मॅडम? खराब झालं का?"

"कुणी बदललं?"

"मी." तो फडकं पिळू लागला. त्यात पाणी नव्हतं. "तुमाला आनलं त्या दिवशी घाटात गाडी बंद नव्हती का पडली? बॅटरी कोरडी ठणठणीत. तुमी म्हनला, कसंबी करा पन उजेडात पोचवा. मागं कॅन दिसला. बॅटरीला आसलंच पानी लागतं म्हनून थोडं घातलं. पन कॅन ठेवताना आडवा झाला की वो. टोपण सैल. निम्म्याच्यावर सांडलं. मग हितं आल्यावर विहिरीचं भरून घेतलं."

"सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, शुद्ध म्हंजी स्वच्छ. नव्या पंचातनं दोनदा गाळलं, मॅडम. एक काडी न्हाई ठिवली त्यात."

मला रागावता येईना, हसताही येईना. त्या दिवशी घाटात मी झाडाखाली पुस्तक वाचत बसले होते आणि गाडी सुरू झाल्यावर 'भले शाबास' म्हणाले होते. कॅन उघडून बघण्याचं काम मात्र माझं होतं, त्याचं नाही. मी वासही घेतला नव्हता.

"आता काय व्हनार?" त्यानं विचारलं.

"आधी खरं काय ते बघू. बॅटरीचं पाणी कुठं मिळेल?"

"दहिवडीच्या गॅरेजात."

"जा. मिळतील तेवढ्या बाटल्या आणा. बंद बाटल्या, भानुदास. वाटेत गाडीला तहान लागली तरी उघडायच्या नाहीत."

तो गेला. दुपारभर मी खाणीत फिरून दहा ठिकाणची ढेकळं गोळा केली. सबनीस साहेब तंबूत आले तेव्हा टेबलावर ती ओळीनं मांडलेली होती.

"हे काय? पास झालेल्याची पुन्हा परीक्षा?"

"सर, पाणी चुकीचं होतं." मी सगळं सांगितलं. डाळीपासून सांगितलं. भानुदासचं नाव मात्र घेतलं नाही, 'कॅनमध्ये विहिरीचं पाणी होतं' एवढंच म्हटलं.

साहेब खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कागद माझ्या बॅगेत आहे," ते म्हणाले. "उद्या चारला गेला असता."

साडेचारला जीप आली. भानुदासनं आठ बाटल्या उतरवल्या, सगळ्या सीलबंद. मी पेले धुतले, त्याच पाण्यानं दोनदा खंगाळले, भरले आणि पहिलं ढेकूळ सोडलं.

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बुडापासून एक पांढरट रेघ निघाली, पसरली आणि पेल्याच्या तळाशी दाट धुरासारखी साचली. मग वर चढू लागली. पाचव्या मिनिटाला पेल्यापलीकडची साहेबांची बोटं दिसेनाशी झाली. दहापैकी नऊ ढेकळांचं तेच झालं.

साहेबांनी एकेक पेला उजेडाला धरून बघितला. बाहेर खालच्या वाडीची शाळा सुटली होती आणि पोरांचा कालवा ऐकू येत होता.

"दहावं कुठलं?" त्यांनी विचारलं.

दहावं ढेकूळ जसंच्या तसं होतं, पाणी नितळ. मी खुणेची चिठ्ठी बघितली. "हे खाणीतलं नाही. वरून खरवडून टाकलेल्या मातीच्या ढिगातलं आहे. चुकून घेतलं असेल."

मग आम्हा दोघांनाही चेव आला. साहेबांचं वय छप्पन्न, पण ते ढिगाकडे माझ्यापुढे पळाले. खाण सुरू करताना वरची हातभर माती, गवताच्या मुळांसकट, सालीसारखी काढून बाजूला टाकलेली होती. तिची ढेकळं शुद्ध पाण्यात अर्धा तास बसून राहिली. मग भानुदास जीपनं जाऊन लांबच्या टेकडीवरची लाल माती घेऊन आला. तीही बसून राहिली.

"बघा," साहेब शाळामास्तरासारखे म्हणाले, "वरच्या मातीत मुळं, शेण, पाचोळा कुजून एक चीक तयार होतो, तो कणांना धरतो. लाल मातीत लोह धरतं. विहिरीच्या पाण्यातला चुना धरतो. आणि आपल्या या लोण्यासारख्या मातीत मिठातलं सोडियम भरलंय. ते कुणाला कुणाजवळ टिकू देत नाही."

"मग वरची मातीच गाभ्यात घातली तर?"

"मुळं कुजून जातील आणि आत पोकळ्या राहतील. जी माती स्वतःला धरून बसते ती आपण खरवडून फेकतो, बाई, आणि फेकायलाच लागते." ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "लाल माती मिसळावी लागेल. ती नऊ किलोमीटरवरून. ही खाण बंद."

मी पुन्हा कागद घेतला. पहिला अहवाल रद्द, कारण: चाचणीसाठी वापरलेले पाणी मी तपासले नाही. खाली सही. या सहीच्या वेळी पेन पुसावंसं वाटलं नाही.

"पाणी कॅनमध्ये आलं कसं, ते लिहिलं नाहीत," साहेब म्हणाले.

"तपासलं असतं तर कसं आलं याला महत्त्वच नव्हतं, सर."

दारात उभा असलेला भानुदास म्हणाला, "सायेब, त्ये मी वतलं हुतं."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाईंनी लिहिलंय ते पुरेसं आहे," ते म्हणाले आणि कागद बॅगेत ठेवला. भानुदास पुढच्या वर्षी कायम झाला. मला मात्र खुलासा मागणारं पत्र आलं आणि माझी पहिली वेतनवाढ सहा महिने लांबली. मी ते पत्र अजून जपून ठेवलंय.

धरणाला एक वर्ष उशीर झाला. खालच्या वाडीतल्या बायांनी त्या उन्हाळ्यात मला रस्त्यात गाठून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण भिंत उभी राहिली, आजही उभी आहे. दर पावसाळ्यात पोटभर पाणी अडवते. मी निवृत्त झाले तेव्हा मुद्दाम जाऊन बघून आले.

एवढंच असतं तर ही गोष्ट मी कधीच सांगून टाकली असती. राहिली ती त्याच आठवड्यातली रविवारची सकाळ.

लाल माती नऊ किलोमीटरवरून आणायची म्हणजे डंपर आले. गाढवांचं काम संपलं. शनिवारी संध्याकाळी मुकादमानं टोळीला तसं सांगितलं आणि रविवारी उजाडता उजाडता पालं उतरू लागली. पावसाळ्यापर्यंतचं चाळीस माणसांचं काम दोन दिवसांत गेलं होतं. मी सांगायला गेले. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं.

यल्लव्वा एका गाढवाच्या पाठीवर बाजेचे खूर बांधत होती. बाकीची माणसं जरा लांब होती, मुकादमाच्या नावानं शिव्या घालत.

"तुमच्या डाळीमुळं मला कळलं," मी म्हणाले. "तुम्ही मला ते सांगितलं आणि तुमचंच काम गेलं. मला फार वाईट वाटतंय."

"हं," ती म्हणाली आणि गाठ ओढली.

"तुम्हाला माहीत असतं की माती अशी आहे—"

"म्हाईत हुतं."

"कसं?" मी विचारलं.

"पयल्या कुदळीलाच कळलं. आसल्या मातीचा बांध माज्या सासऱ्यानं घातला हुता, तिकडं जतच्या अंगाला. मालकानं दावली ती माती आमी टाकली. पान्यानं भरला आन सकाळच्या पारी गेला. खाली आमचीच पालं हुती." तिनं दुसरी गाठ घेतली. कोण कोण गेलं ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस मला झालं नाही.

"मग साहेबांना सांगायचं. मुकादमाला सांगायचं."

"चाळीस मानसांची भाकर हाय ही. माज्या त्वांडानं कशी बंद करू? माजीच मानसं मला दगडं मारतील." ती लांबच्या घोळक्याकडे बघत होती. "गप बसनार हुते. पर वाडीतल्या बाया पान्याला येत्यात हितनंच, पोरं कडंवर घिऊन. तीन दिस घास उतरंना. मग तुमी दिसला. त्या पेल्यात वाकून वाकून बगत हुता. मनलं, ही बाई इचारनारी हाय. हिला हाक मारावी."

म्हणजे ती चहाची हाक चहाची नव्हती. चार दिवस ती माझ्याकडे बघत होती ते यासाठी. मी माझ्या हुशारीवर जी काही थोडी खूश झाले होते ती खुशी तिथल्या तिथे विरली. पातेली दारात ठेवणारी तीच, आणि प्रश्न मला पडला असं मला वाटू देणारीही तीच.

"अहो, पण मला तरी सरळ सांगायचं होतंत," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "एवढं गारांचं पाणी, डाळ, कशाला? नुसतं म्हणायचं, बाई, ही माती घालू नका."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "आयकलं आसतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तीन पेले नितळ होते. माझी सही झाली होती. माझ्याकडे पदवी होती, कॅन होता, त्यावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी होती. आणि समोरून गाढवं हाकणारी एक बाई येऊन म्हणाली असती, माती वाईट आहे.

"नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. तिला राग आलेला दिसला नाही, नवलही वाटलेलं दिसलं नाही.

"आमच्या मानसास्नी यातलं कळाया नगो," ती म्हणाली.

"नाही कळणार."

"मग धरा जरा ह्ये," असं म्हणून तिनं गाढवाची दोरी माझ्या हातात दिली आणि शेवटचं पाल उतरवायला गेली.